जेटी, धक्का, घाट आणि बंदर : पाण्याच्या काठावरचं बांधकाम एवढं महाग का असतं?

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा एक आकडा मोबाइलवर सगळीकडे फिरला : ७६,२२० कोटी रुपये. त्याच बंदराला फेब्रुवारी २०२० मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज ६५,५४४ कोटींचा होता. म्हणजे समुद्रात एक दगडही पडण्याआधी, चार वर्षांत कागदावरचा खर्च साडेदहा हजार कोटींहून जास्त वाढला.

नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, आपला काय संबंध? ओझरची ओळख एचएएलच्या विमान कारखान्याची आणि द्राक्षबागांची. जवळचा समुद्रही शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पण ओझर, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यातली निर्यातीची द्राक्षं थंड कंटेनरमध्ये बसून न्हावा शेवा म्हणजे जेएनपीए बंदरातूनच युरोपला जातात. बंदराचा खर्च शेवटी मालाच्या भाड्यात उतरतो आणि भाडं द्राक्षाच्या पेटीवर.

शिवाय पाण्यालगतचं बांधकाम ओझरला नवीन नाही. गावातून बाणगंगा वाहते. इथल्या पाणीवापर संस्थांनी वाघाड धरणाचं पाणी बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांमध्ये साठवून विहिरी जिवंत ठेवल्या, हे काम महाराष्ट्रभर अभ्यासलं जातं. तिकडे नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरीच्या घाटांची कामं आहेत. बंधारा, घाट, जेटी आणि महाकाय बंदर यांचा आकार वेगळा, पण खर्च वाढवणारी कारणं बरीचशी सारखीच.

थोडक्यात उत्तर

पाण्याच्या काठावरच्या बांधकामाचा खर्च सिमेंट-लोखंडाच्या दरापेक्षा जागेवरून ठरतो. तळाशी काय आहे, पाणी किती खोल आहे, लाटा किती मोठ्या येतात, गाळ किती साचतो आणि वर्षातले किती महिने काम करता येतं, या पाच प्रश्नांची उत्तरं जितकी वाईट, तितकं बिल मोठं. आपल्याला वर दिसतो तो काँक्रीटचा चौथरा. पैसे मात्र मुख्यतः पाण्याखाली खर्च होतात.

आधी शब्द समजून घेऊया

- धक्का : काठाला लागून बांधलेली भिंत किंवा फलाट, जिथे बोट थेट टेकते. मुंबईतला भाऊचा धक्का सगळ्यांना माहीत आहे. १९व्या शतकात तो बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य 'भाऊ' म्हणून ओळखले जायचे, त्यावरून हे नाव पडलं.
- जेटी : काठापासून पाण्यात आत गेलेला, सहसा खांबांवर उभा असलेला पूल. खोल पाण्यापर्यंत पोहोचणं हा त्याचा उद्देश.
- गोदी : जहाज आत घेण्यासाठी बांधलेला बंदिस्त हौद. पाणी ठेवलं तर ओली गोदी. पाणी उपसून दुरुस्ती करायची असेल तर सुकी गोदी.
- ब्रेकवॉटर : लाटा अडवणारा दगडी किंवा काँक्रीटचा बांध.
- घाट : नदीकाठच्या पायऱ्या. दिसायला साध्या, पण पुरात पूर्ण बुडणाऱ्या.

आता एकेक कारण.

१. तळाशी काय दडलंय?

घराचा पाया खणताना चार फुटांवर मुरूम लागला की काम सोपं होतं. पाण्याखाली तसं दिसत नाही. तळाशी मऊ चिखल असेल तर खांब, म्हणजे पाइल, कठीण थर लागेपर्यंत खाली न्यावे लागतात. चिखल पाच मीटर असो की वीस, पाइलची लांबी त्या हिशोबाने वाढते. उलट लगेच काळा कातळ लागला, तर पाया मजबूत मिळतो, पण कातळात भोक पाडायला वेळ आणि यंत्र दोन्ही जास्त लागतात. मुंबईच्या किनाऱ्यावर हे दोन्ही प्रकार आहेत : वर चिखल, खाली बेसॉल्ट.

जमिनीखालून काय निघेल याचं मुंबईतलं गाजलेलं उदाहरण प्रिन्सेस डॉकचं. ही गोदी १८८० मध्ये सुरू झाली. तिचं खोदकाम चालू असताना समुद्राच्या पातळीखाली गाडलं गेलेलं एक आख्खं जंगल सापडलं. खैराच्या झाडांचे शेकडो बुंधे, त्यातले बरेच अजून उभे! पुढे अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीच्या खोदकामातही असेच अवशेष मिळाले.

म्हणूनच कामाआधी बोअर मारून माती-खडकाचे नमुने तपासतात. एकूण खर्चात या तपासणीचा वाटा लहान असतो. पण पैसे वाचवायला तीच आधी कापली, तर काम निम्म्यावर आल्यावर पाइलची लांबी बदलते आणि ठेकेदाराचं वाढीव बिल येतं.

बंधाऱ्यालाही हाच नियम लागू होतो. नाल्यावरच्या बंधाऱ्याचा पाया कातळापर्यंत नेला नाही, तर पाणी भिंतीखालून निघून जातं. वरून बंधारा शाबूत आणि आत पाणी नाही, असं दृश्य ग्रामीण महाराष्ट्राला परकं नाही.

२. खोली आणि भरती-ओहोटी

पाण्याला किंवा मातीला अडवणारी भिंत दुप्पट उंच केली तर खर्च दुप्पट होईल, असं वाटतं. प्रत्यक्षात भिंतीवरचा दाब चौपट होतो आणि तिला उलथवू पाहणारा जोर आठपट. त्यामुळे भिंत नुसती उंच करून भागत नाही, बुडाशी जाडही करावी लागते. एक-दोन मीटर जास्त खोली मागितली की इंजिनीअर कपाळाला हात का लावतात, त्याचं गणित हे आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. बोट ओहोटीलाही लागली पाहिजे आणि भरतीला फलाट बुडता कामा नये. म्हणजे बांधकामाची उंची एका मजल्याहून जास्त वाढली. लहान जेटीवर यावर उपाय म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता फलाट, पाँटून. शांत पाण्यात तो स्वस्त पडतो. पावसाळी लाटांत मात्र त्याच्या साखळ्या, सांधे आणि रॅम्प सांभाळणं हाच वेगळा खर्च होतो.

सुक्या गोदीची अडचण आणखी वेगळी. गोदी रिकामी केली की खालचं आणि बाजूचं पाणी तिला वर उचलायला बघतं. पाण्यात दाबलेली रिकामी बादली हाताला ढकलते, तसंच. म्हणून तळ अतिशय जड करावा लागतो. मुंबईत नौदलाची नवी सुकी गोदी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. लांबी २८१ मीटर, रुंदी ४५ मीटर, खोली १७ मीटर. विमानवाहू जहाज आत घेईल अशा या गोदीला सुमारे १,३२० कोटी रुपये लागले.

३. लाट दुप्पट, दगड आठपट

ब्रेकवॉटरवर टाकायचा दगड किती वजनाचा हवा, हे लाटेच्या उंचीच्या घनावर ठरतं. लाट एक मीटरऐवजी दोन मीटरची असेल, तर तितक्याच टिकाऊपणासाठी एकेक दगड आठपट वजनाचा लागतो. एवढे मोठे दगड खाणीतून अखंड निघणं, ट्रकवर चढणं, क्रेनने ठेवणं, सगळंच अवघड. मग काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, टेट्रापॉड, वापरतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली पसरलेले ते हेच.

वाढवणचा खर्च समजून घ्यायला हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिथे किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून ती जागा निवडली गेली. खोलीचा प्रश्न सुटला, पण समोर उघडा अरबी समुद्र. त्यामुळे आराखड्यात १०.१४ किलोमीटर लांबीचं ब्रेकवॉटर आहे. त्याशिवाय १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालायचा आहे. हेक्टरचे एकर केले तर साडेतीन हजारांच्या वर. जमीन विकत घेण्याऐवजी समुद्रात तयार करायची म्हटली की वाळू कुठून आणायची, हा खर्चाचा वेगळा रकाना उघडतो.

लाटांचा हिशोब आधी छोट्या प्रतिकृतीवर करून बघतात. त्यासाठीची देशातली महत्त्वाची संस्था समुद्रकिनारी नाही, पुण्याजवळ खडकवासल्याला आहे : केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, स्थापना १९१६. तिथे मोठ्या हौदात बंदराची प्रतिकृती बांधून त्यावर यंत्राने लाटा सोडतात.

४. गाळ : न संपणारं बिल

बांधकामाचा खर्च एकदाच होतो, गाळाचा पुन्हा पुन्हा. खाडीच्या तोंडाशी पाणी मंदावतं आणि गाळ खाली बसतो. जेटी भरीव बांधासारखी बांधली, तर प्रवाह अडतो आणि तिच्या आडोशाला गाळ साचतो. खांबांवर बांधली तर पाणी खालून वाहतं, पण बांधकाम महाग पडतं. स्वस्त पर्याय निवडून दर दोन वर्षांनी ड्रेजर बोलवायचा, की आधीच जास्त पैसे घालायचे, हा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो.

न्हावा शेवा आणि मुंबई बंदराकडे जाणारा समुद्रमार्ग मोठ्या जहाजांसाठी १५ मीटरपर्यंत खोल करण्याच्या दुसऱ्या टप्प्याचा मंजूर खर्च २,०२९ कोटी रुपये होता. यात नवा धक्का बांधणं नाही. फक्त समुद्राचा तळ खरवडून जहाजांना वाट करून देणं आहे. आणि पाणी आपल्या स्वभावाप्रमाणे ती वाट पुन्हा भरत राहतं.

५. खारं पाणी लोखंड खातं

भारतीय मानक आयएस ४५६ मधली ही तुलना बघा.

- घरातल्या कोरड्या, सुरक्षित जागी : किमान एम २० दर्जाचं काँक्रीट, सळईवर २० मिलिमीटर आवरण.
- भरती-ओहोटीच्या पट्ट्यात : किमान एम ४० दर्जाचं काँक्रीट, सळईवर ७५ मिलिमीटर आवरण.

कारण खाऱ्या पाण्यातले क्लोराइड काँक्रीटमधून हळूहळू आत शिरतात. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. सतत बुडालेल्या भागापेक्षा ओला-कोरडा होत राहणारा पट्टा आधी खराब होतो, कारण तिथे मीठही मिळतं आणि हवाही. जुन्या जेटीखाली ओहोटीला डोकावलं की उघड्या पडलेल्या सळया दिसतात, त्या याच पट्ट्यात. लाकूड वापरलं तर त्याला पोखरणारे सागरी जीव आहेतच.

गोड्या पाण्यात हा त्रास बराच कमी. म्हणूनच समुद्रातल्या जेटीचा आणि नदीतल्या जेटीचा प्रति मीटर दर शेजारी ठेवून तुलना करणं फसवं ठरतं.

६. वर्षात कामाचे महिने किती?

पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट-सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्या काळात पाण्यातलं काम जवळपास थांबतं. पण बार्ज, क्रेन, पायलिंगची यंत्रं यांचं भाडं, पगार आणि कर्जाचं व्याज थांबत नाही. उरलेल्या महिन्यांतही बऱ्याच गोष्टी भरतीच्या वेळापत्रकावर चालतात. रात्री दोन वाजता ओहोटी असेल तर काम रात्री दोनला.

नदीवरही हेच. नाशिकमध्ये गोदावरीचा पूर किती, हे लोक रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. पाणी मूर्तीच्या कुठपर्यंत आलं, ते बघायचं. त्याच पट्ट्यात घाट बांधायचा म्हणजे पाणी उतरल्यावर तात्पुरता बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं, पाया घ्यायचा आणि पुढच्या पावसाआधी सगळं आवरायचं. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि नाशिकमधलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरलं आहे. तारीख हलत नाही, तेव्हा माणसं आणि यंत्रं वाढवावी लागतात, म्हणजे खर्च वाढतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पायलिंगचं यंत्र आणि बार्ज जागेवर आणायला जवळपास तेवढाच पैसा लागतो, मग जेटी ५० मीटरची असो की ५०० मीटरची. त्यामुळे छोट्या गावातली छोटी जेटी प्रति मीटर महाग दिसते. तेवढ्यावरून तिथे गडबड झाली असं म्हणता येत नाही.

७. परवानग्या, कोर्टकचेरी आणि वेळ

समुद्रकिनारी काहीही बांधायचं तर किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची मंजुरी लागते. सध्याची अधिसूचना २०१९ ची. छोट्या बंदरांचा आणि जेटींचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. कांदळवन मध्ये आलं तर वन विभाग आणि उच्च न्यायालयाची परवानगी.

वाढवणच्या बाबतीत डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटींसह ना-हरकत दिली. मध्ये पाव शतक गेलं. मुंबईत गेटवेजवळच्या रेडिओ क्लब जेटीचा २२९ कोटींचा प्रकल्पही रहिवाशांनी कोर्टात नेला. उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अटी घालून त्याला परवानगी दिली.

उशीर झाला की स्टील, डिझेल, मजुरी वाढलेली असते आणि अंदाजपत्रक नव्याने लिहावं लागतं. पण परवानग्या म्हणजे नुसता अडथळा, असंही नाही. चुकीच्या जागी उभं राहिलेलं बांधकाम हलवता येत नाही. त्याने बाजूचा किनारा खचवला, तर तिथे धूपप्रतिबंधक बंधारा बांधायचा खर्च पुन्हा सरकारवर, म्हणजे लोकांवर येतो.

८. काठापर्यंत पोहोचायचं कसं?

धक्का झाला, पण ट्रक तिथवर जाणार कसा? रस्ता, रेल्वे, वीज, गोडं पाणी, पार्किंग हे सगळं प्रकल्पातच मोजावं लागतं. वाढवणला राष्ट्रीय महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आणि मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाशी जोडणी हवी आहे. ७६,२२० कोटींच्या आकड्यात भूसंपादनाचा खर्चही धरलेला आहे. प्रकल्पात जेएनपीएचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. टर्मिनलसारख्या काही गोष्टी खासगी भागीदारीतून उभ्या राहणार आहेत. हे भागीदार आपली गुंतवणूक मालावरच्या आकारातून वसूल करतील.

ओझरच्या द्राक्षाचा संबंध इथे येतो. मोठं जहाज थेट लागलं तर प्रत्येक कंटेनरमागे वाहतूक स्वस्त होऊ शकते. वाढवणची नियोजित क्षमता वर्षाला २.३२ कोटी कंटेनरची (२० फुटी मापाने) आहे. पण बांधकामाचा खर्च फुगत गेला, तर तो बंदराच्या आकारातून परत येतो आणि निर्यातदार तो शेतकऱ्याच्या दरातून वळता करतो.

अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च

डहाणू-वाढवणच्या मच्छीमारांनी या बंदराला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. भराव आणि ब्रेकवॉटर येणार ते पाणी त्यांच्यासाठी मासेमारीचं शेत आहे. पण त्याचा सातबारा नसतो. शेतजमीन गेली तर एकरी दर काढता येतो. जाळं टाकायची जागा गेली तर भरपाई कोणाला द्यायची, बोटवाल्याला, खलाशाला, की मासळी विकणाऱ्या कोळिणीला, हे ठरवणंच कठीण. प्राधिकरणाच्या ना-हरकतीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळल्या, त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. भरपाईचा प्रश्न मात्र त्या कुटुंबांसाठी तिथेच संपत नाही.

ही रक्कम कमी धरली की प्रकल्प कागदावर स्वस्त दिसतो. खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त प्रकल्पाच्या खात्यातून एखाद्या कुटुंबाच्या खात्यात जातो.

गावात जेटी, घाट किंवा बंधारा मंजूर झाला तर काय विचारायचं?

आकडा बघून "एवढे कोटी?" असं म्हणण्यापेक्षा हे सहा प्रश्न जास्त उपयोगी आहेत. सरकारी कामाची ही माहिती माहिती अधिकारात मागता येते.

1. किती ठिकाणी बोअर घेतले आणि कठीण थर किती खोलीवर लागला?
2. पूररेषा किंवा भरतीची सर्वात वरची पातळी कोणती धरली?
3. गाळ काढायचा खर्च दरवर्षी किती आणि तो कोण देणार?
4. काँक्रीटचा दर्जा आणि सळईवरचं आवरण किती? काम चालू असताना ते कोण तपासतं?
5. काम एका पावसाळ्याआधी संपणार आहे का? नसेल तर अर्धवट काम पुरात टिकणार कसं?
6. ज्यांचं रोजचं काम त्या काठावर चालतं, त्यांच्या नुकसानीचा रकाना अंदाजपत्रकात आहे का?

तिसऱ्या आणि सहाव्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा उद्घाटनाच्या फलकावर नसतं. तेवढी दोन उत्तरं मिळाली, तरी फलकावरचा आकडा खरा किती आणि अपुरा किती, याचा अंदाज येतो.